‘हट्ट केला’ असे लिहू नये : वर्तन तंत्रज्ञांची पत्रे

इंदूरमध्ये स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी चालणाऱ्या सेंटरांमध्ये आणि घरी जाऊन सेशन घेणाऱ्यांमध्ये मराठी तरुण-तरुणींची संख्या आता बरीच आहे. कोठे त्यांना ‘एबीए थेरपिस्ट’ म्हणतात, तर कोठे ‘बिहेवियर टेक्निशियन’. काम मात्र एकच असते. उपयोजित वर्तन विश्लेषणाच्या, म्हणजेच ‘एबीए’च्या, आधारे सुपरवायझरने आखलेला आराखडा मुलाबरोबर रोज राबवायचा आणि काय घडले याची नोंद ठेवायची. या अंकासाठी अशा तंत्रज्ञांची आणि त्यांच्याशी रोज संबंध येणाऱ्या घरच्या माणसांची पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे प्रथेप्रमाणे दिलेली नाहीत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मानसशास्त्रात एम.ए. करून मी नुकतीच एका सेंटरमध्ये रुजू झाले आहे. सेशन संपल्यावर मी पानभर नोंद मनापासून लिहिते; परंतु सुपरवायझर मॅडमनी वही परत केली आणि ‘हट्ट केला’, ‘लक्ष नव्हते’, ‘चिडचिड जास्त’ ही वाक्ये लाल शाईने खोडली. जे दिसले तेच मी लिहिले होते. मग चुकले कोठे?

उत्तर : मुलाने कार्ड ढकलले, तो खुर्चीवरून उठून दाराकडे गेला आणि ‘नाही’ असे तीनदा ओरडला, हे दिसले. त्याला ‘हट्ट’ हे नाव आपण दिले. तोच प्रसंग दुसऱ्या ताईंनी पाहिला असता तर त्यांनी ‘कंटाळला होता’ असे लिहिले असते, आजींनी ‘भूक लागली असेल’ असे म्हटले असते, आणि या तिघींपैकी कोणाचे म्हणणे बरोबर हे ठरवण्यासाठी कागदावर काहीच उरले नसते. तंत्रज्ञाच्या नोंदीवर सुपरवायझर पुढच्या आठवड्याचा आराखडा बदलत असतात. त्यांनी स्वतः तो प्रसंग पाहिलेला नसतो. त्यामुळे लाल शाईचा राग मानू नये.

आराखड्यात प्रत्येक लक्ष्य-वर्तनाची व्याख्या दिलेली असते आणि मुलाला पूर्वी कधीही न भेटलेल्या माणसालाही ती वाचून मोजणी करता यावी, अशी अपेक्षा असते. ‘मारणे’ म्हणजे काय? उघड्या तळव्याने किंवा मुठीने दुसऱ्याच्या अंगाला लागेल असा फटका. टाळी देणे, खेळताना थोपटणे आणि चालता चालता चुकून लागलेला धक्का यात धरायचा नाही. व्याख्येतला हा ‘काय धरायचे नाही’ सांगणारा भाग नवे तंत्रज्ञ बहुधा वाचतच नाहीत आणि मोजणीतला गोंधळ तेथूनच सुरू होतो.

यानंतर येते ती तीन रकान्यांची नोंद : पूर्वघटना, वर्तन आणि परिणाम. इंदूरच्या कोणत्याही घरी सकाळचे सेशन घेणाऱ्याला ओळखीचे वाटेल असे उदाहरण देते. पहिल्या रकान्यात : ‘८ वाजून १० मिनिटे. रंगाची कार्डे लावणे चालू होते. बाहेर कचरागाडीचे गाणे ऐकू आले.’ दुसऱ्यात : ‘दोन्ही कान हातांनी झाकले, नंतर टेबलावरची सर्व कार्डे खाली फेकली.’ तिसऱ्यात : ‘मी खिडकी लावली आणि कार्डे गोळा केली. काम चार मिनिटे थांबले.’ या नोंदीत कोठेही मत नाही. तरीही तीत विचार करण्याजोगे किती आहे पाहा. कार्डे फेकल्यामुळे आवाज कमी झाला, की काम टळले, की ताईंचे लक्ष मिळाले? एका नोंदीवरून हे सांगता येत नाही. मात्र गाडी खेळाच्या वेळी आली असता मूल कान झाकून पुन्हा खेळायला लागते आणि गाडी न येताही रंगांच्या कार्डांच्या वेळी कार्डे फेकली जातात, असे दहा-बारा नोंदींत दिसले, तर संशय गाण्यावरून कार्डांकडे वळतो. मग ते काम फार अवघड आहे का, फार लांबते का, हे तपासता येते. ‘आवाजाने चिडला’ एवढेच लिहिले असते, तर घरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या असत्या आणि कार्डे फेकणे चालूच राहिले असते.

मोजणीची रीत वर्तन पाहून ठरते. ज्याची सुरुवात आणि शेवट स्पष्ट दिसतो, त्याची वारंवारता मोजावी आणि किती वेळात ते घडले हेही लिहावे. ४० मिनिटांत बारा वेळा मारणे आणि तीन तासांत बारा वेळा मारणे या सारख्या गोष्टी नव्हेत. रडणे एकदाच घडून अर्धा तास चालू शकते, म्हणून तेथे कालावधी मोजावा. सूचना दिल्यापासून मूल काम सुरू करेपर्यंत किती वेळ जातो, हा विलंबकाल शाळेच्या तयारीत फार उपयोगी पडतो. सतत चालणाऱ्या वर्तनासाठी वेळेचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात ते घडले की नाही एवढेच लिहितात. परंतु तुकड्यात एकदा घडले तरी खूण करायची, अशी ही पद्धत असेल, तर वर्तन प्रत्यक्षापेक्षा जास्त भासते, हे लक्षात ठेवावे.

डोनाल्ड बेअर, मोंट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली यांनी १९६८ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस’च्या पहिल्या वर्षी या शाखेची सात लक्षणे मांडली. प्रत्यक्ष वर्तन मोजणे, आणि झालेला बदल आपण केलेल्या उपायामुळेच झाला हे दाखवता येणे, ही त्यांतली दोन होत. आपल्या वहीवरची लाल शाई त्याच परंपरेतली आहे.

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षांचा, अद्याप न बोलणारा मुलगा आहे. टेबलावर बसवले की तो मोठ्याने किंचाळतो. ‘लक्ष वेधण्यासाठी करतो, दुर्लक्ष करा’ असे मला सांगण्यात आले. मी त्याच्याकडे न पाहता, साहित्य बाजूला ठेवून शांत बसते आणि तो थांबला की पुन्हा सुरू करते. पंधरवड्यात किंचाळणे कमी होण्याऐवजी वाढले आहे. हा ‘एक्स्टिंक्शन बर्स्ट’ आहे आणि तो ओसरेल, असे सहकारी म्हणतात. किती दिवस वाट पाहावी?

उत्तर : वाट पाहू नये. सुपरवायझरकडे याच आठवड्यात जावे आणि आपण पत्रात लिहिलेले एक वाक्य त्यांना जसेच्या तसे सांगावे : ‘साहित्य बाजूला ठेवून शांत बसते.’

विलोपन (एक्स्टिंक्शन) म्हणजे सरसकट दुर्लक्ष नव्हे. एखादे वर्तन ज्या परिणामामुळे टिकून आहे, तो परिणाम मिळेनासा करणे म्हणजे विलोपन. किंचाळल्यावर आईचे किंवा ताईंचे लक्ष मिळते म्हणून मूल किंचाळत असेल, तर लक्ष न देणे हे विलोपन ठरेल. परंतु किंचाळल्यावर अवघड काम समोरून जाते म्हणून ते किंचाळत असेल, तर आपण साहित्य बाजूला ठेवता त्या क्षणी त्याला हवे तेच मिळते. नको असलेली गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन वाढणे, याला ऋण प्रबलन म्हणतात. पुष्कळ लोक, आणि दुर्दैवाने काही प्रशिक्षकही, याचा अर्थ ‘शिक्षा’ असा करतात. वस्तुतः शिक्षेने वर्तन घटते आणि प्रबलन, धन असो की ऋण, वर्तन वाढवते. आपल्या पंधरवड्याच्या आलेखात वाढ दिसते ती यामुळे असण्याची शक्यता मला मोठी वाटते. शिवाय हे सगळे ‘टेबलावर बसवले की’ घडते, असे आपणच लिहिले आहे. मोकळ्या खेळात, ताई दुसऱ्याशी बोलत असताना तो किंचाळतो का? लक्ष हवे असते तर तेथे किंचाळायला त्याला चांगला वाव होता.

विलोपनाच्या सुरुवातीला वर्तन काही काळ उसळते (हाच ‘एक्स्टिंक्शन बर्स्ट’), हे खरे आहे. तथापि ही उसळी आणि चुकीच्या उपायाने झालेली वाढ किंचाळण्याच्या पट्टीवरून ओळखता येत नाही; किंचाळल्यानंतर मुलाला नेमके काय मिळाले हे तिसऱ्या रकान्यात पाहूनच ती ओळखावी लागते. वर्तनाची कारणे सामान्यतः चार प्रकारांत पाहतात : कोणाचे लक्ष मिळणे, काम किंवा प्रसंग टळणे, वस्तू अथवा आवडीची कृती मिळणे, आणि कोणाच्याही मध्यस्थीशिवाय शरीराला मिळणारे संवेदन. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली अशी कारणे नियंत्रित परिस्थितीत एकेक करून पडताळण्याची पद्धत मांडली. ते काम प्रशिक्षित विश्लेषकाचे आहे, तंत्रज्ञाने घरी करून पाहण्याचे नव्हे. पण त्यामागचा विचार तंत्रज्ञाला ठाऊक असलाच पाहिजे. शिवाय न बोलणारे मूल एकाएकी जास्त किंचाळू लागले, तर कान, दात, पोट, बद्धकोष्ठता यांची तपासणी बालरोगतज्ज्ञांकडून आधी करून घ्यावी, असे पालकांना सुचवण्याबद्दल सुपरवायझरशी बोलावे. दुखण्याला आराखड्याने उतार पडत नाही.

कारण काम टाळणे हेच ठरले, तर ‘मग त्याला उठूच द्यायचे नाही का?’ असा प्रश्न पुढे येतो. मला तो मार्ग आवडत नाही आणि बहुतेक वेळा त्याची गरजही पडत नाही. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना त्रासदायक वर्तनाऐवजी मागणी करायला शिकवले होते. ज्या मुलाचे वर्तन अवघड कामामुळे होत होते, त्याला मदत मागायला शिकवल्यावर ते घटले. लक्ष मागायला शिकवून घटले नाही. मागणीने कारणाशी मेळ खाल्ला पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झाले.

आपल्या मुलासाठी याचा अर्थ असा : टेबलाच्या कडेला ‘थांब’चे एक चित्रकार्ड चिकटवून ठेवायचे. तो किंचाळण्याच्या बेतात असतो तेव्हा काय करतो हे आपल्याला एव्हाना ठाऊक असेल. खुर्ची मागे रेटतो, ओठ आवळतो, कार्डांवरून नजर काढतो. त्याच क्षणी, किंचाळण्यापूर्वी, त्याचा हात हलकेच कार्डाकडे न्यायचा, त्याने कार्डाला स्पर्श करताच ‘थांबूया’ म्हणून साहित्य बाजूला करायचे आणि एक मिनिट त्याला मोकळे सोडायचे. सुरुवातीला दर वेळी, लगेच आणि वाद न घालता. काम दिवसाकाठी फारच थोडे होईल आणि घरचे विचारतील की नुसते थांबायचेच पैसे घेता का. त्यांना हे सुपरवायझरने आधीच समजावून ठेवलेले बरे. कार्ड तो स्वतः वापरू लागला की, ‘आणखी एक, मग थांबूया’ असे करत कामाची लांबी हळूहळू वाढवता येते. त्याच वेळी ते काम सोपे, छोटे आणि त्याच्या आवडीच्या वस्तूंचे करावे. यांतले काहीही आराखडा बदलून मिळाल्याशिवाय स्वतःच्या जबाबदारीवर सुरू करू नये.

प्रश्न : माझ्या नातवाला शिकवायला घरी एक मुलगी येते. स्वभावाने गोड आहे; पण तो बसला की शेव, बोट दाखवले की शेव, दहा गोष्टी झाल्या की टॅब, असे तिचे चालते. आमच्या वेळी मुलांना अशी लालूच दाखवत नसत. सर्कशीतल्या प्राण्यासारखे वाटते. मी चूक बोलत असेन तर सांगावे.

उत्तर : आजी, आपण प्रश्न स्पष्ट विचारलात ते बरे केले, अनेक घरांत तो मनातच राहतो आणि त्या मुलीच्या मागे त्याची चर्चा होते.

लालूच म्हणजे, मूल रडायला लागल्यावर ‘रडू नकोस, चॉकलेट देते’ असे म्हणणे. त्यात चॉकलेट रडण्यानंतर येते आणि पुढच्या वेळी रडणेच वाढते. ती मुलगी उलट्या क्रमाने काम करते. मुलाने उपयोगी असे काही केले की त्या पाठोपाठ, एखाद्या सेकंदाच्या आत, त्याला आवडणारी गोष्ट मिळते आणि त्यामुळे ते वर्तन पुढे अधिक वेळा घडते. याला प्रबलन म्हणतात. अधिक वेळा घडले नाही, तर शेव कितीही चविष्ट असली तरी ती त्या मुलापुरती प्रबलक ठरत नाही. म्हणूनच काय आवडते याचा अंदाज न बांधता दोन-दोन वस्तू समोर धरून, मूल कोणती उचलते हे वरचेवर पाहावे लागते. आवडही बदलत राहते. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी पोटभर झालेल्या मुलाला शेवेचे काय आकर्षण राहणार? म्हणून एका वेळी शेवेच्या दोन-तीन काड्यांपेक्षा जास्त देऊ नये, आणि सेशनच्या आधी तासभर आपला डबाही झाकलेला असावा, एवढी विनंती मात्र मी करीन. जेवण किंवा न्याहारी मात्र या कारणासाठी कधीही थांबवू नये; ते अयोग्य आहे.

सर्कशीसारखे वाटते, या आपल्या म्हणण्यात एक धोक्याची सूचना आहे. वर्षभरानंतरही बोट दाखवले की शेव हेच चालू असेल, तर शिकवणे अडकले आहे. नवे कौशल्य शिकताना दर वेळी, थोडे जमल्यावर दोन-तीनदा करून एकदा, आणि मग केव्हा मिळेल हे सांगता येणार नाही असे, या क्रमाने प्रबलन विरळ करायचे असते. शेवेबरोबर ‘पाणी मागितलेस, छान!’ असे नेमके शब्द आणि टाळी येत राहिली, तर पुढे ते शब्दच पुरतात. आणि सगळ्यांत चांगले प्रबलक कामाच्या पोटातच असते : पाणी मागितले की पाणी मिळावे, दार म्हटले की दार उघडावे. त्या मुलीला एकदा विचारावे की शेव कमी करण्याचा बेत केव्हाचा आहे. तिच्याकडे उत्तर असले पाहिजे. नसले तर तिच्या सुपरवायझरकडे असले पाहिजे. खाण्याचा कोणताही पदार्थ घरच्यांची संमती घेऊन, ॲलर्जी आणि घशात अडकण्याचा धोका पाहूनच दिला जावा, हेही सांगून ठेवते.

प्रश्न : मुलाच्या घरी मराठी, सेंटरमध्ये हिंदी आणि शाळेत इंग्रजी. ‘एकच भाषा ठेवा, नाहीतर मूल गोंधळेल’ असे पालकांना सांगावे का?

उत्तर : सांगू नये. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाच्या भाषाविकासाला हानी पोहोचते, असे संशोधनात दिसून आलेले नाही. उलट घरची भाषा बंद केल्यामुळे आजी-आजोबांशी त्याचे नाते तुटते. कोणती भाषा केव्हा, हे पालक, सुपरवायझर आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे.

तंत्रज्ञाने सांभाळायची बाब सूचनेच्या शब्दांची आहे. घरी आजी ‘बस’ म्हणतात तेव्हा मुलाने बसायचे असते. सेंटरमधला दादा हिंदीत ‘बस!’ म्हणतो तेव्हा थांबायचे असते. मूल दोन्ही वेळी उभे राहिले, तर त्याला ‘सूचना पाळत नाही’ असे गुण देण्यात अर्थ नाही. सूचना कोणत्या शब्दांत द्यायच्या आणि ‘पाणी’ व ‘पानी’ ही दोन्ही उत्तरे बरोबर धरायची, हे आराखड्यात लिहून घ्यावे. एका माणसाबरोबर, एका खोलीत जमलेली गोष्ट दुसरीकडे आपोआप जमत नाही, म्हणून जमलेली मागणी स्वयंपाकघरात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आणि मामाबरोबरही करवून घ्यावी.

प्रश्न : आमच्या सेंटरमध्ये डेटा शीट संध्याकाळी एकत्र बसून भरतात. ‘मागच्या आठवड्यात ६० टक्के होते ना, मग ६५ लिही’ असे सांगितले जाते. मी नवीन आहे. काय करावे?

उत्तर : लिहू नये. प्रत्येक प्रयत्न झाल्याबरोबर अधिक किंवा उणे अशी खूण करावी, मदत द्यावी लागली असल्यास कोणती दिली तेही त्याच वेळी लिहावे, आणि राहून गेलेली चौकट रिकामी ठेवून ‘नोंद नाही’ असे लिहावे. रचलेल्या ६५ टक्क्यांवर विश्वास ठेवून सुपरवायझर पुढची पायरी सुरू करतील आणि न आलेल्या गोष्टीवर मुलाला नवी गोष्ट शिकावी लागेल. नंतर तेच मूल ‘प्रगती नाही’ या शेऱ्याचे धनी होईल. तोंडी सांगणे अवघड वाटत असेल, तर सुपरवायझरला एखादे सेशन आपल्याबरोबर बसून स्वतंत्र मोजणी करण्याची विनंती करावी. आपण १२ मोजले आणि त्यांनी ९, तर लहान संख्येला मोठीने भागून १००ने गुणल्यावर ७५ टक्के जुळणी येते. ८० टक्क्यांच्या खालची जुळणी सामान्यतः पुरेशी मानत नाहीत. अशा वेळी व्याख्या पुन्हा वाचायची असते. ही तपासणी नियमाने होऊ लागली की संध्याकाळची बैठक टिकणे कठीण जाते. एवढे करूनही दबाव राहिला तर नोकरी बदलण्याचा विचार करावा, असे मी स्पष्टच सांगते.

प्रश्न : मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्ती एबीएबद्दल फार कडवट लिहितात, असे वाचले. मी याच क्षेत्रात काम करतो. त्यांचे म्हणणे खरे आहे का?

उत्तर : त्यांतील बरेच खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केलेले बरे. ओले इवार लोवास यांच्या १९८७च्या प्रसिद्ध अभ्यासात आठवड्याला सुमारे ४० तास उपचार मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण बुद्ध्यंक आणि नेहमीच्या शाळेतील प्रगती या निकषांवर उतरली, हे वारंवार सांगितले जाते. त्या उपचारांत मोठ्याने ‘नाही’ म्हणणे आणि मांडीवर चापट मारणे हेही होते, हे सहसा सांगितले जात नाही. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक नव्हती, हाही त्या अभ्यासावरचा जुना आक्षेप आहे. आज तशा शिक्षा कोणी करत असेल, तर त्याला जुन्या अभ्यासाचा आधार घेता येणार नाही.

परंतु कडवटपणा केवळ चापटीबद्दल नाही. हात फडफडवू नये, डोळ्यांत डोळे घालून पाहावे, ‘इतरांसारखे’ दिसावे, अशी उद्दिष्टे मुलांवर वर्षानुवर्षे लादली गेली. बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांच्या सात लक्षणांत ‘उपयोजित’ हे एक आहे. निवडलेले वर्तन त्या व्यक्तीच्या आणि समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे असावे, असा त्याचा आशय आहे. आनंदाने हात फडफडवणाऱ्या मुलाचे हात खाली धरल्याने मुलाचे कोणते हित साधते? इंदूरच्या राजवाड्यासमोर लोक वळून पाहू नयेत, ही अडचण पालकांची असते आणि ती समजण्यासारखी असते, पण तिच्यासाठी मुलाचे तास खर्ची घालणे मला पटत नाही. तेच मूल स्वतःचे डोके भिंतीवर आपटत असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे उपाय तातडीने हवा.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी लहान पण महत्त्वाच्या आहेत. मूल उठून गेले, मान फिरवली, हात मागे घेतला, तर ती त्याची असंमती आहे असे समजून थांबावे आणि तशी नोंद करावी. हात धरून करवून घेण्यापूर्वी सांगावे, हात सैल ठेवावा आणि मुलाने ओढून घेतला तर सोडावा. हावभावाने किंवा नमुना दाखवून काम होत असेल, तर हात धरूच नये. नव्या मुलाबरोबरचे पहिले काही दिवस सूचना जवळजवळ न देता त्याच्या खेळात सामील होण्यात घालवावेत. आणि आराखड्यातले एखादे उद्दिष्ट मुलाच्या कोणत्या उपयोगाचे आहे हे आपल्याला सांगता आले नाही, तर सुपरवायझरला तसे विचारावे. चांगल्या सुपरवायझरला हा प्रश्न आवडतो.

प्रश्न : ४० तासांचा ऑनलाइन कोर्स केल्यास ‘आरबीटी’ होता येते, अशी जाहिरात पाहिली. फी बरीच आहे. इंदूरमध्ये राहून हे प्रमाणपत्र मिळेल का? भारतात त्याला मान्यता आहे का?

उत्तर : ‘रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन’ ही पात्रता अमेरिकेतील बिहेवियर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाने २०१४ साली सुरू केली. तिच्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण लागते, परंतु तो केवळ पहिला टप्पा आहे. त्यानंतर पात्र पर्यवेक्षकासमोर प्रत्यक्ष कौशल्यांची चाचणी, मग परीक्षा, आणि काम करताना दरमहा कामाच्या किमान ५ टक्के तासांचे पर्यवेक्षण अशा अटी आहेत. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून या मंडळाने ठरावीक देशांबाहेरच्या रहिवाशांचे नवे अर्ज घेणे बंद केले आहे आणि भारत त्या देशांत नाही. त्यामुळे इंदूरला राहून कोर्स केल्यावर आपण ‘आरबीटी’ व्हाल, असे कोणी सांगत असेल, तर ते दिशाभूल करणारे आहे. अन्य काही आंतरराष्ट्रीय संस्था तंत्रज्ञ-पातळीची प्रमाणपत्रे देतात. त्यांच्या अटी जाहिरातीवरून न ठरवता त्या संस्थेच्या स्वतःच्या कागदपत्रांतून पाहाव्यात.

भारतात पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी १९९२च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वसन परिषद करते. विशेष शिक्षक, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ यांचे वर्ग तिच्या यादीत आहेत. वर्तन तंत्रज्ञ असा वेगळा वर्ग नाही. याच क्षेत्रात दीर्घकाळ राहण्याचा विचार असेल, तर विशेष शिक्षणातील परिषदमान्य पदविका किंवा पदवी हातात असणे अधिक सुरक्षित आहे, असे माझे मत आहे, आणि वर्तन विश्लेषणाचा कोर्स तिच्या जोडीला करावा. कोर्सची फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : प्रत्यक्ष मुलांबरोबरचे काम किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली होईल, ती देखरेख करणाऱ्या व्यक्तीची पात्रता व नोंदणी क्रमांक काय आहे, आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेच्या नावाने असेल. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘व्हिडिओ दाखवू’ असे आले, तर फी भरू नये.